एकशे एकविसावा हात

— नाही, वही माझ्याकडे नाही, हे तुला खाली दारातच सांगितलं, आणि वर गच्चीवर बोलावलं ते वहीसाठी नाही, सावलीसाठी — घामाने निथळत होतास, आणि हा असला काळा कोट, ऑक्टोबरात कुम्लूहिसारला असा कोट घालून कुणी येतं का. बस त्या पेटीवर. चहा घे. आणि नुसता बसू नकोस, ती सुरी घे, वांगी कोर — देठाकडून घालायची, गोल फिरवायची, गर काढायचा, पण साल फाटू द्यायची नाही. साल फाटली की वांगं दोऱ्यात ओवता येत नाही, आणि हिवाळ्यात त्यात भात भरायला घेतला की सगळा बाहेर. तुमच्या शहरात वाळवलेली वांगी दुकानातून आणत असतील. आणा. आणि मावशी म्हणू नकोस, चोपन्न वर्षांची आहे मी. सेनीये ताई म्हण. तो फोन कशाला समोर ठेवलास — रेकॉर्ड करतोस? कर. पण पालथा ठेवून कर, तो माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

तर तुमच्या साहेबांना आमचा इतिहास हवाय. तीन वर्षांपूर्वी क्लब नेलात — परवाना नेलात, लीगमधली जागा नेलीत, नाव बदललंत, तपकिरी-आकाशीचं काळं-सोनेरी केलंत — तेव्हा इतिहास न्यायचा राहिला वाटतं. आता बिल्ल्याखाली 'स्थापना १९६७' लिहायचंय, काचेचं कपाट करून ठेवलंय, आणि कपाटात ठेवायला काही नाही. म्हणून तू. एकोणीसशे सदुसष्ट साली तुमचं स्टेडियम आहे तिथे काय होतं, ठाऊक आहे का? दलदल. माझ्या चुलत्याची म्हैस रुतली होती तिथे. ते लिही.

सदुसष्टचं मी सांगते, माझ्या वडलांनी सांगितलेलं — राशित त्यांचं नाव, रेल्वेत सिग्नलवाले, क्लबाचे पहिले चिटणीस, वीस वर्षं ठराव-वही त्यांनीच लिहिली. त्याआधी गावात दोन क्लब होते. वरच्या आळीचा चामडं कमावणाऱ्यांचा, त्यांचा रंग तपकिरी — का म्हणून विचारू नकोस, त्यांचे हात बघितले असतेस तर विचारलं नसतंस. आणि खालचा स्टेशनवाल्यांचा, आकाशी. दोघं एकमेकांच्या मयताला जायचे नाहीत. माझी आई वरची, वडील खालचे, तर लग्नात दोन वेगवेगळे ढोलवाले होते आणि दोघंही एकाच वेळी वाजवत होते. मग अंकाराहून पत्र आलं की तिसरी लीग काढतोय, प्रत्येक गावाने एकच क्लब पाठवावा. झालं. बसले सगळे तंबाखूच्या गोदामात. ठराव पहिला — क्लबाचं नाव कुम्लूहिसारस्पोर. ठराव दुसरा — शर्टावर तपकिरी पट्टा वर की आकाशी, हे ठरेपर्यंत सभा उठणार नाही. ठराव तिसरा — सभा उठली. ठराव चौथा, तो आठ दिवसांनी — एक वर्ष तपकिरी वर, एक वर्ष आकाशी. जगात दुसऱ्या कुणाचे हे रंग नाहीत, कारण कुणालाच ते शोभत नाहीत. पण आमचे होते.

मैदान मातीचं, आणि कोपऱ्यात तुतीचं झाड. ठराव एकवीस — झाड तोडायचं नाही, कॉर्नर घेणाऱ्याने वाकावं. हसू नकोस, चौऱ्याहत्तर साली त्या झाडाने आमची अब्रू राखली. चषकाच्या सामन्याला इस्तंबूलचा एक मोठा संघ आला — नाव सांगत नाही, त्यांचे लोक उगाच भांडायला येतील — तर त्यांचा तो झुलपांवाला, कॉर्नर घ्यायला पळत आला, मान वर करून, आणि फांदी थेट कपाळावर. एक-एक सुटला सामना. मी नऊ वर्षांची, वडलांच्या सिग्नलच्या खांबावर चढून बघत होते. ठराव साठ — पाहुण्यांना झाडाविषयी आधी सांगत जावं. आणि मग तो मेंढ्याचा. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी मैदानात मेंढा कापायचे, कपाळाला रक्त लावायचे, सगळीकडेच करतात — तर एका वर्षी तो सुटला. वीस मिनिटं पळत होता. शेवटी आमच्या गोलकीपरने धरला, आणि त्या दिवशी त्याने धरलेली तेवढी एकच गोष्ट, पाच-शून्य हरलो. ठराव चौऱ्याऐंशी — मेंढा यापुढे फाटकाबाहेर. मग वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर, पुन्हा खाली, असं चाळीस वर्षं — बरं, खाली येताना कुणी रडलं नाही, सवय होती. असं करत करत दोन हजार सोळा, लग्नाचा हॉल, ठराव चारशे बारा — परवाना हस्तांतरित करण्यास मंजुरी, बाजूने एकशे एकवीस, विरोधात साठ. तेवढाच इतिहास. संपला.

काय बघतोस?

हो, वडील दोन हजार चार साली गेले. हो, मग चारशे बारा कुणी सांगितला. — बघ, फाडलंस ना वांगं. सांगितलं होतं, साल सांभाळ.

हुशार आहेस. कोटावरून वाटलं नव्हतं. ऊठ. ज्या पेटीवर बसलायस त्यातच आहे, खाली, लोकरीच्या गुंड्यांच्या तळाशी, उशीच्या अभ्र्यात. काढ. हात पूस आधी. ही चौथी जागा — आधी पिठाच्या डब्यात होती, मग गादीत, मग विटांमागे, कारण क्लब गेल्यापासून आमचा हिल्मी घरातच असतो आणि बरण्या लावत बसतो, मोठ्या मागे, छोट्या पुढे, आणि दुसऱ्या दिवशी उलट. हिल्मी म्हणजे माझा नवरा. या वहीसाठी त्याने अख्खं गाव पालथं घातलं. वकिलाच्या कारकुनाची कॉलर धरली. आणि मी सभेच्या दिवशीच ती हॉलमधून विणकामाच्या पिशवीत घालून आणली होती, वर अर्धा विणलेला पायमोजा ठेवून.

का म्हणजे? शेवटचं पान बघ की. बघ, आणि मोठ्याने वाचू नकोस.

आता फोन बंद कर. पालथा नाही, बंद.

तर असं झालं. विकायचं तर दोन-तृतीयांश हात पाहिजेत, म्हणून अध्यक्षांनी त्या वर्षी आपल्या माणसांच्या बायका, सुना, मेव्हण्या, सगळ्यांना सभासद करून घेतलं. दुसरी बाजू काय गप्प बसते? हिल्मीने माझं नाव घातलं. एकशे एक्याऐंशी सभासद. विकायला एकशे एकवीस लागत होते. हिल्मी दारोदार फिरला, कुराणावर हात ठेववून घेतले, एकसष्ट माणसं विरोधात, पक्की. एकसष्ट असली की विक्री होत नाही. त्या रात्री तो सुखाने झोपला. आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तो पुढच्या रांगेत, आम्ही बायका मागे स्वयंपाकघराकडच्या टेबलांवर, पुलाव आणि आयरनचं खारं ताक — सरकारी निरीक्षक म्हणाला, बाजूचे हात वर करा, आणि रांगेने नावं लिहून घ्या. मी विणत होते. उजव्या हातात सुई होती. सुईसकट वर केला.

अध्यक्षांच्या बाजूच्या बायका होत्या माझ्या टेबलावर, त्यांना वाटलं हिल्मीपण त्यांच्यातलाच. हिल्मीने मागे वळून बघितलंच नाही. तो कधी बघतच नाही.

नकळत? छे. लोक म्हणतात बायकांना फसवलं, भात देऊन हात वर करायला लावले. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी पाचवीपर्यंत शिकलेय, समोर कागद होता, मी तो दोनदा वाचला. मला काय होतंय ते माहीत होतं.

एकोणतीस वर्षं, बाळा. लग्न बुधवारी केलं, कारण रविवारी बाहेरगावचा सामना. मोठी जन्मली तेव्हा हा एदिर्नेच्या बसमध्ये. माझ्या वडलांच्या मयताची नमाज दीड तास अलीकडे घेतली, किक-ऑफ चुकू नये म्हणून — अर्थात ते त्यांना आवडलं असतं, तो भाग वेगळा. हे सगळं मी सोसलं. मग पंधरा साली माझ्या इथे, काखेत, गाठ निघाली. काढली. मी खाटेवर, हिल्मी शेजारी, एका कानात रेडिओची वायर. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही. मी हिल्मीकडे बघितलं. हिल्मी म्हणाला, दोन-एक. आणि डोळ्यांत पाणी. ते पाणी गाठीसाठी होतं की दोन-एकसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं नाही. काय सांगेल, याची भीती वाटली.

म्हणून केला हात वर. म्हटलं, जाऊ दे एकदाचा, नवरा तरी घरी मिळेल. मिळाला. रविवारी एक वाजता इस्त्रीचा शर्ट घालतो आणि तिथे, त्या वेलीखाली बसतो, साडेतीनपर्यंत. मग शर्ट काढतो, घडी घालतो. आणि मी — हे लिहायचं नाही — मी पूर्वी इथे गच्चीवर मिरच्या ओवता ओवता नुसत्या आवाजावरून सांगायचे, गोल झाला, गोल हुकला, रेफ्रीला शिव्या घालतायत. आता रविवारी इथून काय ऐकू येतं? शेजारणीची कोंबडी.

पण ते माझं मी बघून घेईन, मी केलं, मी भोगते. शाकिरचं काय? शाकिर म्हणजे हिल्मीचा चुलतभाऊ, खाली चौकात न्हाव्याचं दुकान आहे, एका ताटात जेवून वाढले दोघं. त्या सभेच्या सकाळी तुमच्या साहेबांची माणसं शाकिरकडे दाढी करून गेली. न्हावी दाढी करणार नाही तर काय करणार. पण हिल्मीने मोजलं — एकसष्टातला एक फुटला, तो कोण, तर शाकिर. शाकिरने मुलांच्या शपथा घेतल्या. हिल्मी म्हणाला, शपथा तर सगळ्यांनीच घेतल्या होत्या. तीन वर्षं झाली. शाकिरच्या आईच्या मयताला हा गेला नाही, ज्या बाईने याला दूध पाजलं. माझ्यावर संशय? मनातसुद्धा आला नाही. एकसष्टांच्या त्याच्या यादीवर माझ्या नावापुढे खूण केलेली आहे, पहिलीच. आणि आता शनिवारी शाकिरच्या मुलीचा साखरपुडा आहे. लहानपणी ती हिल्मीच्या खांद्यावर बसून सामन्याला जायची. काल स्वतः आली, दारात उभी राहिली, काका, दोघांच्या अंगठ्यांना बांधलेली फीत घरातलं वडीलधारं कापतं, ती तुम्ही कापा म्हणाली. हा म्हणाला, बापाला विचार त्याने काय कापलं. पोर रडत जिना उतरली आणि मी आत उभी राहून कणीक मळत होते.

हो, मला दिसतंय तू काय करतोयस. पिशवीत घातलीस. काचेच्या कपाटात पहिलं पान उघडं ठेवाल, माझ्या वडलांचं नाव पितळेच्या पाटीवर, शेवटचं पान कुणाला दिसणार नाही, कुलूप लावाल, चावी तुमच्याकडे. हिल्मीला कधी कळणार नाही. चांगलं बोलतोस तू. तीन वर्षं मी याच माणसाची वाट बघत होते बहुतेक, जो येईल आणि घेऊन जाईल.

थांब जरा. इकडे ये, कठड्यापाशी. तो बघ, व्हिनेगरचे कॅन घेऊन येतोय ना, टोपीवाला, तो हिल्मी. आता बघ काय करतो. चौक आला. न्हाव्याचं दुकान आलं. बघ — रस्ता ओलांडला. पलीकडे सावली नाही, फरसबंदी उखडलीय, दोन्ही हातांत ओझं, गुडघा दुखतो, तरी पलीकडून. आणि शाकिर दारात उभा आहे, बघ, हातात टॉवेल. रोज उभा राहतो. परत या बाजूला आला. रोज असंच.

वही काढ.

पिशवीतून काढ म्हटलं. तुमचा इतिहास पाहिजे ना, तर लिहा स्थापना दोन हजार सोळा. ते खरं आहे, मी तिथे होते. सदुसष्ट आमच्या घरात राहील — किती वेळ राहील कुणास ठाऊक, तो कदाचित फाडेल, कदाचित मलाच घराबाहेर काढेल, त्याचं तो बघेल. ठेव इथे, वांग्यांच्या परातीशेजारी. मिटलेली नको. शेवटचं पान. वरून सातवी ओळ, तिथे दगड ठेव वाऱ्याने उलटायला नको — ओळीवर नाही, खाली, नाव दिसू दे.

आता जा. नाही, मागच्या जिन्याने नाही, पुढच्याच दाराने जा, आणि वाटेत भेटला तर एक कॅन घे त्याच्या हातातला, दारापर्यंत आण, आणि काही बोलू नकोस. चहा राहू दे. जा, बाळा.