तीन संक्रांतींचं आमंत्रण

मी मोबाईल घरी ठेवून का फिरते, असं विचारता ना? मग ऐका.

माझ्या थोरल्या जाऊबाई भातकुलीला राहतात. तीन वर्षं मी त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण घरच्या ग्रुपवर दिलं. दर वेळी त्यांच्या नंबरवरून जोडलेले हात यायचे, पण त्या काही यायच्या नाहीत. मला राग आला आणि मी बोलणंच सोडलं.

यंदा ठरवलं, दारात जाऊनच सांगायचं. मोबाईल कपाटात ठेवला, कुंकवाचा करंडा घेतला आणि अमरावतीहून एसटीत बसले.

जाऊबाई दारातच म्हणाल्या, "तीन सालानं आठवण आली व तुले?"

"मी दरवर्षी ग्रुपवर टाकते, बाई! तुम्ही हातही जोडता."

"कायचे हात? तो मोबाईल तं पिंटू पुण्याले घेऊन गेला. माह्याजवळ हा बटनाचा हाय."

म्हणजे तीन वर्षं मी पुतण्याला हळदीकुंकवाला बोलावत होते, आणि तो बिचारा न चुकता नमस्कार करत होता!

जाऊबाईंनी कपाळ पुढे केलं. "लाव कुंकू. यंदा पिंटूचं वाण त्याची माय नेईन."