अडुसष्टावा दिवस

वर्षाली : मी ओरडत नाहीये आई. फक्त सांगा, तांदळाच्या डब्यात ही पुडी कुणी ठेवली?

रुक्मिणीबाई : आसंल कसली तरी जुनी.

वर्षाली : जुनी नाही. अर्धी संपलीय. बनवणाऱ्याचं नाव नाही, आत काय आहे ते नाही. नुसतं ‘दारूमुक्ती चूर्ण, न सांगता द्या’. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते दिवसभर, मला काय फसवता?

रुक्मिणीबाई : मीच ठिवली. बाजारात एक औषधवाला बसायचा, त्याच्याकडनं आणली. विलासच्या सकाळच्या चहात टाकते. चिमूटभरच गं.

वर्षाली : कधीपासून?

रुक्मिणीबाई : त्यो त्या दारू सोडनाऱ्यांच्या मिटिंगला जाया लागला तवापासनं. धा येळा सोडली न् धा येळा धरली त्यानं. म्हनलं, ह्या बारीला आपला बी हात लागू दे. नव्वद दिस झालं, गुन आलाच न्हवं?

वर्षाली : आज सकाळी टाकली होती?

रुक्मिणीबाई : व्हय. रोजच्यासारखी.

वर्षाली : आई, पुडी सापडली तसा मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असल्या चूर्णात दारू सोडवायच्या गोळ्या कुटून घातलेल्या असू शकतात. त्या अंगात असताना माणूस प्यायला तर श्वास लागतो, प्रेशर खाली येतं. जिवावर बेतू शकतं. डॉक्टरसुद्धा ही गोळी माणसाला सांगितल्याशिवाय देत नाहीत.

रुक्मिणीबाई : म्हंजी तवा...

वर्षाली : तवा काय?

रुक्मिणीबाई : काय न्हाई. पन त्यो आता पितोय कुठं?

वर्षाली : तेच तर मला माहीत नाही! साडेसहा झाले. कंपनीची फर्स्ट शिफ्टची बस सव्वाचारला मोशीत येते. फोन बंद. शेवटी बसमधल्या बंटीला फोन लावला, तर तो म्हणतो, विलासभाऊ आज बसलाच नाही. वर म्हणतो, तसाही तो तीन महिने आपल्या स्टॉपला उतरत नाही, एक स्टॉप आधीच उतरतो.

रुक्मिणीबाई : आधी? का गं?

वर्षाली : मला काय माहीत? घरी कधी बोलले नाहीत. तिथं कोण भेटतं, काय करतात, देवाला ठाऊक.

रुक्मिणीबाई : सकाळी पेढे दिलं मी सगळ्या बिल्डिंगीत. नव्वद दिस म्हनून. कुनाची दिष्ट लागली का काय!

वर्षाली : दृष्ट राहू द्या. मी गाडी काढते. चाकणपर्यंत एकेक ढाबा बघत जाते. तुम्ही इथंच थांबा, आणि आले तर आधी मला फोन.

(दाराची बेल वाजते.)

विलास : काय गं, चप्पल घालून कुठं? आणि आई का रडतीये?

वर्षाली : इकडं या. श्वास सोडा.

विलास : आता हे परत सुरू का?

वर्षाली : हात जोडते, सोडा श्वास!

विलास : हं... घे. झालं समाधान?

वर्षाली : नाही प्यायले. आई, नाही प्यायले.

रुक्मिणीबाई : पांडुरंगा!

विलास : काळेवाडीला गेलो होतो, मिटिंगला. फोन बंद ठेवावा लागतो तिथं.

वर्षाली : आज गुरुवार आहे. तुमची मिटिंग रविवारी.

विलास : गुरुवारी पण असते. रविवारपर्यंत दम निघेना. रविवारी मला नव्वद दिवसांचं मेडल देणार होते. सकाळी आईनं पेढे वाटले. खालच्या आबाजींनी माझा हात धरला आणि म्हणाले, पोरा, जिंकलास. दिवसभर मशीनवर माझं लक्ष लागलं नाही. सुपरवायझर दोनदा ओरडला.

वर्षाली : का पण?

विलास : कारण नव्वद झालेच नाहीत. आज अडुसष्टावा.

वर्षाली : म्हणजे?

विलास : बाविसाव्या दिवशी प्यायलो होतो. आमच्या लाइनवरच्या एकाची पार्टी होती ढाब्यावर. मी कोल्ड्रिंक घेऊन बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, बायकोला घाबरतो. घेतली. एकच पेग. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलो. घरी येऊन ओकलो ते आठवतंय? पनीर बाधलं म्हणून सांगितलं तुला.

वर्षाली : मी रात्रभर लिंबू सरबत करून देत होते.

विलास : तेच गिळवत नव्हतं. आज सगळ्यांपुढं उठून सांगितलं. म्हटलं, मेडल नको, माझे दिवस त्या पार्टीनंतर मोजा. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. आता तुला काय बोलायचं ते बोल.

वर्षाली : आई, तुम्ही बोलता की मी बोलू?

रुक्मिणीबाई : मीच बोलते. विलास, त्ये पनीर न्हवतं.

विलास : तेच तर सांगतोय.

रुक्मिणीबाई : दारू बी एकली न्हवती. तुझ्या चहात मी औषध टाकत हुते. ही पुडी. तू मोरीत ओकत हुतास, तवा मला कळलं, तू पिऊन आलायस न् औषध लागलंय. मी दाराआड उभी हुते. म्हनलं, बरं झालं, आता भ्याला.

विलास : आई!

रुक्मिणीबाई : न्हाई बोलले कुनाला. दुसऱ्या दिशी पुन्यांदा टाकली. मला वाटलं, मी तुला वाचिवतीय. जीव जायाचा हुता, ह्ये आज कळलं मला.

विलास : म्हणजे मी सोडलीच नाही. पुडीनं सोडवली. आत्ता तिथं उभा राहून अडुसष्ट अडुसष्ट करत होतो, लोक टाळ्या वाजवत होते... कुणासाठी? ह्या भुकटीसाठी?

वर्षाली : आधी मला एक सांगा. तुम्ही एक स्टॉप आधी का उतरता?

विलास : हे तुला कुणी सांगितलं?

वर्षाली : सांगा ना.

विलास : आपल्या स्टॉपसमोर ते वाइन शॉप आहे. बसमधून उतरलं की पाय आपोआप तिकडं वळतात. म्हणून आधी उतरतो आणि मागच्या रस्त्यानं येतो. वीस मिनिटं जास्त लागतात.

वर्षाली : रोज?

विलास : रोज. काल तर पावसात आलो.

वर्षाली : मग ते काय पुडीनं उतरवलं तुम्हाला? पुडी ओकायला लावते, चालायला लावत नाही. तुम्हाला तर पुडी आहे हे माहीतही नव्हतं. आणि माझ्याशी खोटं बोललात त्याचा राग आहे मला. तो काही आज जाणार नाही. पण चाललात तुम्ही तुमच्या पायांनी.

विलास : पण उद्यापासून औषध नसणार अंगात. भीती वाटतीये वर्षाली. खरं सांगतो, आत्तासुद्धा प्यावीशी वाटतीये.

वर्षाली : मलाही भीती वाटतीये. आणि नीट ऐका, ते औषध बंद केलं तरी दोन आठवडे अंगात राहू शकतं. एक घोटसुद्धा नाही. सकाळी डॉक्टरांकडं जायचं, पुडी घेऊन. औषध लागणार असेल तर ते देतील, तुम्हाला सांगून.

विलास : आणि मेडल?

वर्षाली : येईल बावीस दिवसांनी.

रुक्मिणीबाई : पेढे मी न्हाई वाटायची आता. कुनाला सांगायची बी न्हाई. बोल की रं मला काय तरी. शिव्या घाल.

विलास : काय बोलू आई? मीही खोटं बोललो, तूही.

रुक्मिणीबाई : आजपासनं चहाला हात लावायची न्हाई मी.

विलास : असं कसं? सकाळपासून पोटात काही नाही. ठेव चहा. मी इथंच ओट्यापाशी उभा राहतो.

रुक्मिणीबाई : ऱ्हा उभा. साखर तूच टाक.