सुंदरेचा पाग आणि खाडीतला नारळ

मंडळी, बसलात? त्या खांबाजवळच्या बायांनो, जरा पुढं सरका. हां. आता एका प्रश्नाचं उत्तर द्या मला — उशीर म्हणजे काय? शेजारीण आठ दिवसांत शिकली आणि मला चार महिने लागले, तर उशीर झाला कुणाला? मला, शेजारणीला, की देवाला?

डोकं खाजवू नका, ऐका!

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपल्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायचं तर होडीवाल्याला हाका मारून घसा सुकायचा. काठावर ओळीनं काळे कातळ होते. एकेक कातळ एकेका घराचा. त्या कातळावर उभं राहून पाग टाकायचा — पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा घरातली चूल या पागावर चालायची. (माळकरी मंडळी, कान झाकू नका! मासे सुंदरेच्या कालवणात आहेत, माझ्या कीर्तनात नाहीत!)

तर ही सुंदरा. धाकू तांडेलाची बायको. पदरात दोन पोरं. चैत्रात धाकू माडावरून पडला आणि उजवा खांदा कायमचा गेला. ताट धरता येईना, पाग कसला टाकतोय!

आता गावाची रीत ऐका. नारळी पौर्णिमेला ओहोटी लागली, की गावकर, म्हणजे गावचा मानकरी, वरच्या बाजूनं देवीचा नारळ पाण्यात सोडायचा. एकेका घराला एकेक नारळ. तो वाहत आपल्या कातळासमोर आला की घरच्या माणसानं त्यावर पाग टाकायचा. फेकी तीन. नारळ पागात आला तर कातळ वर्षभर तुमचा. नाही आला तर कातळ दुसऱ्याला! परक्याकडून टाकून घेणं चालत नसे. घरातलंच माणूस हवं.

आणि घरात कोण? सुंदरा!

"माका शिकवा," ती नवऱ्याला म्हणाली. "कातळ गेलो तर पोरांका काय घालू?"

धाकू शिकवायला बसला. दोरी मनगटाला बांध. अर्धा पाग डाव्या कोपरावर घे. कडेची एक घडी दातांत धर — हो, दातांत! — उरलेला उजव्या हातात. कमरेतून वळ, हात सोड, आणि त्याच क्षणाला तोंड उघड. पाग हवेत भाकरीसारखा गोल पसरतो.

सोपं वाटतं ना? सुंदरेलाही वाटलं! तिनं फेकला. हात सुटले, दात सुटले नाहीत! पाग अर्ध्यातून मागे आला, शिशाच्या गोळ्या कपाळावर, आणि पुढच्या दाताचा टवका उडाला.

"अगो, दात सोड गो!"

"सोडलंय!"

"मग पाग तोंडात काय करता? विडो चघळतस?"

मंडळी, हसा. पण माणूस घाबरलं की पहिले दातच आवळले जातात! धाकू पडला त्या दिवसापासून या बाईनं दात आवळले होते, ते झोपेतही सुटत नव्हते. मग पाग सुटणार कसा?

त्यातून शेजारच्या घरात धाकटी जाऊ, वासंती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून तीही शिकायला लागली. आणि आठ दिवसांत शिकली! गोल पाग, पाण्यावर पडताना आवाजसुद्धा नाही. सुंदरा मग हट्टालाच पेटली! पहाटे उठून फेकायची, भात चुलीच्या वैलावर ठेवून अंगणात फेकायची. एकदा पागात कोंबडी सापडली, एकदा धाकूचा हुक्का! वासंतीसारखी वळायची, वासंतीसारखी वाकायची. सगळं वासंतीसारखं, फक्त पाग तेवढा सुंदरेसारखा — दोरीत गुंडाळलेला!

"वयनी, एवढी घाय कित्याक?" वासंती चांगल्या मनानं म्हणाली.

"तुका काय जाता बोलूक!"

वैशाख गेला. ज्येष्ठ गेला. रोज कातळावर उभं राहायचं, रोज फेक चुकायची, आणि पाग ओढून घेताना पाण्याकडे बघत बसायचं. दुसरं करणार काय? पानं वाहत जायची, काटक्या जायच्या. त्यातल्या काही कातळाच्या खालच्या अंगाला वळसा घेऊन परत यायच्या. ती बघायची आणि चडफडायची — काटकीसुद्धा परत येते, माझा हात काही वळणावर येत नाही!

आषाढातली एक सकाळ. जात्यावर बसली होती. ओवी गुणगुणत होती, नाकातल्या नाकात, दात आवळलेलेच. ओळ संपली आणि शेवटचं "गं बाई" म्हणायला तोंड आपोआप उघडलं. जात्याचा खुंटा तिच्या हातात तसाच राहिला!

दळण टाकून धावली. पाग दातांत धरला, नाकात ओवी धरली. ओळ सावकाश, दोन श्वास लांब. कंबर वळली, हात सुटले, "गं बाई!" — आणि पाग उघडला. गोल नाही हो! शेंगदाण्यासारखा! पण उघडला!

धाकू हसून लोळला. "जाळा टाकतस की दळण दळतस?"

"माझा असाच जातला," ती म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा ती वासंतीकडे न बघता बोलली.

आली पौर्णिमा. काठावर माणसंच माणसं. वासंतीनं पहिल्याच फेकीत नारळ धरला. त्यात तिचं काही वाईट आहे का? मुळीच नाही! ज्याचा त्याचा हात.

मग सुंदरेचा नारळ आला. सुंदरेनं पाग दातांत घेतला, ओवी धरली. आणि काठ ओरडला, "टाक! टाक! गेलो बघ!" ओवी तुटली. फेक गेली — पाग वेडावाकडा. घाईघाईनं ओढला, घाईघाईनं दुसरी फेक — ती दात न सुटताच! तोंडातून रक्त. नारळ कातळाला वळसा घालून खाली निघाला.

बाबल गावकर म्हणाला, "गेलो तो. सुंदरा, उतर."

"एक फेक आसा माझी!"

"कोणावर टाकतस? पाण्यावर?"

काय करावं तिनं? धाकू मान खाली घालून बसला. पोरं रडायला लागली. नारळामागं पळत सुटावं आणि फेकावं असं होत होतं. पण सुंदरा हलली नाही. तिनं पाग हळूहळू कोपरावर घेतला. घडी दातांत धरली. ती नारळाकडे बघतच नव्हती. ती कातळाच्या खालच्या अंगाला बघत होती, जिथून तिच्या काटक्या परत यायच्या!

एक श्वास. काठ हसायला लागला. दुसरा श्वास. आणि मंडळी, नारळ थबकला. वळला. डुलत डुलत वर यायला लागला!

आता कुणी ओरडेना. ओवी आपल्या चालीनं संपली. "गं बाई!"

पाग उघडला. जरासा लांबटच, पण उघडला! आणि ओढला तेव्हा त्यात देवीचा नारळ होता.

गावकर पाण्याकडे बघत म्हणाला, "ह्या पाणी वळता, ता माका चाळीस वर्षांत दिसूक नाय."

"तुमचो पाग पयल्या फेकीत पडता मामा," सुंदरा म्हणाली, "तुम्ही कित्याक थांबून बघशात?"

कळलं, उशीर म्हणजे काय? चुकलेल्या फेकींनी तिला पाणी शिकवलं!

आणि तुम्ही? देवळात येऊनही शेजारणीची माळ किती पुढं गेली ते बघता! आमच्या सुनेचं पोर बोलायला लागलं, तुमचं कधी, म्हणून एकमेकींना विचारता! मघापासून तो मागचा दादा घड्याळ बघतोय — अरे, माझी ओवी अजून संपली नाही! जिभेनं नाम घेता, दात मात्र आवळलेले. सोडा ते. तुमचा नारळ वळून येईल तेव्हा तुम्ही कातळावर असायला हवं, एवढंच. मिळून म्हणा माझ्याबरोबर, सावकाश, ज्याच्या त्याच्या श्वासानं — नारायण!