हुरड्याला न्यायच्या चौतीस वस्तू

हॅलो?… हां, बोल कल्याणी, जय भीम… छे गं, झोपतेय कसली. दुपारी झोपायला मी काय अजून नोकरीत आहे?… बॅग भरत होते. रविवारची… हो, आजच. गुरुवार ना आज. आमच्याकडे हुरड्याची बॅग गुरुवारीच भरतात, एकोणीस वर्षं. ह्यांची शिस्त. एकतीस वर्षं ऑफिसचं स्टोअर सांभाळलेला माणूस, घरातून पाण्याची बाटली बाहेर निघाली तरी नोंद करायचा…

ते ना? हे काय, समोरच बसलेत. यादी मांडीवर. मी एकेक वस्तू दाखवते, ते यादीवर बोट ठेवतात, मग ती बॅगेत जाते… डाव्या हाताने. उजवा कुठे अजून… नाही गं, बोलणं नाही. झटका येऊन आठ महिने झाले, डॉक्टर म्हणतात, आता जे येईल ते आपलं. कान मात्र शाबूत आहेत, आणि डोकंही. काल मी टॉर्चचे सेल विसरले, तर नवे आणेपर्यंत यादीवर टकटक चालू होती…

काय म्हणालीस?… अगं ऐक ना, आधी माझं ऐक. चौतीस वस्तू झाल्यात या वेळी. मूळच्या एकवीस, आणि ह्यांच्यासाठी वाढवलेल्या तेरा… मूळच्या तुला माहीतच आहेत. त्यातली एकेक तुमच्यापैकी कुणाच्या तरी फजितीवर आलीय. मोज्यांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्या तुझ्या आनंदरावांमुळे. कुसळं घेऊन बसमध्ये चढले आणि वाघोलीपर्यंत पोटऱ्या खाजवत होते. जादा पायजमा साईनाथभाऊंचा, पाटात पडले ते वर्ष. गॉगल रुपालीचा. आगटीशी वाऱ्याच्या तोंडाला बसली, धुराने डोळ्यांतून धारा, आणि नवी सून रडतेय म्हणून साईनाथभाऊ सगळ्यांची माफी मागत फिरले… हस की. हसायलाच सांगतेय…

हं… हं… बस साडेसहालाच ना, वारज्याच्या पुलाखाली?… का, त्यात काय?… पायरी उंच आहे म्हणतेस होय. झालीय तिची सोय. घडीचं स्टूल, दोन पायऱ्यांचं, खाली रबर. आयुषने पाठवलंय. गेले वीस दिवस ह्यांची तालीम चालू आहे सकाळी. स्टूलवर चढायचं, दाराची चौकट धरायची, वळायचं, बसायचं. पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली. आज दीड. घड्याळ लावून बसते मी… तुमच्यापैकी कुणाचा हात लागायला नको, म्हणून तर.

आयुष? तो कुठला येतोय. हैदराबादहून सामान येतं, तो येत नाही. दर आठवड्याला खोकं. आपण उघडायचं, फोटो पाठवायचा, त्याचा अंगठा येतो. आईबाप खूश आहेत अशी पोच मिळाली त्याला…

खाली कशाला बसवू? घडीची खुर्ची आहे, हातांची. ढेकळांत पाय रुततात म्हणून चारी पायांना टेनिसचे जुने चेंडू चिरून घातलेत. छत्री खुर्चीलाच बांधलीय, सायकलच्या ट्यूबने. ऊन फिरलं की गाठ सरकवायची, झालं. पहाटेच्या थंडीला जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यांवर चढवायच्या. पाण्याच्या बाटलीला ओला मोजा घालून खिडकीशी टांगायची, ती तर ह्यांचीच जुनी युक्ती. तुम्ही सगळे हसलात, आणि दुपारी तिच्यावरच तुटून पडलात…

खाणं? ते तर सगळ्यात आधी सोडवलं. दाणा गिळत नाही, ठसका लागतो, हे तू मला सांगतेस होय?… चार्जिंगचा छोटा मिक्सर आहे. हुरडा त्यातून काढायचा आणि दह्यात कालवायचा. मंगळवारी मंडईतून पाव किलो आणून करून बघितलं. डोळे मिटून खाल्लं त्यांनी. पाण्यात पावडर घालते, घट्ट होतं, तेही उतरतं. आणि आम्ही कडेला बसू ना, जरा लांब. भरवेन मी…

हो. साईनाथभाऊंच्या साठीला झालं ते झालं. तेव्हा मला ती पावडर माहीत नव्हती… हो, ताटावरून उठले काही जण. बघितलं मी. कोण उठलं, कोणत्या क्रमाने उठलं, तेही सांगेन…

…हं.

…हं.

एक मिनिट थांब, कल्याणी. अहो, मी जरा गॅलरीत जाते, इथे आवाज तुटतोय. तुम्ही बाविसावी वस्तू काढून ठेवा तोवर… दार ओढून घेते, धूळ येते फार.

हां. बोल आता… मघाशी काय म्हणालीस, परत म्हण… नाही, ऐकू आलं होतं. परत ऐकायचंय.

त्यांना त्रास होईल. बरं. कसला?… प्रवासाचा. दीड तासाचा प्रवास. दवाखान्याच्या बाकड्यावर पाच-पाच तास बसतात गं ते. आणखी?… उन्हाचा. त्याचं सांगितलं. आणखी?… अगं, बोल की. इतकी वर्षं ओळखतेस मला…

लघवीचं. आलीस शेवटी तिथे. वाघोलीहून वारज्याला यायला एवढा वेळ लागत नाही.

त्याचीही सोय आहे. झाकणाचं भांडं आहे, प्रवासाचं. डायपर आहेत चार. घडीची कमोडची खुर्ची आहे, खाली पिशवी लावायची, गाठ मारून घरी परत आणायची. शेतात मागे काही राहणार नाही. आणि आडोसा आहे… कुठला म्हणून काय विचारतेस? दोन चादरी, नायलॉनची दोरी, आठ चिमटे. यादीतली सहावी वस्तू. कुणामुळे आली ती?… आठवत नाही?… मग मी सांगते. दोन हजार नऊ साल. तिथे बायकांना जायला जागा नव्हती. तू दिवसभर घोटभर पाणी प्यायली नाहीस, आणि संध्याकाळी बसपाशी चक्कर येऊन पडलीस. पुढच्या वर्षीपासून चादरी सुरू झाल्या. दोन बाभळींना दोरी, आणि हे लांब वाटेवर उभे, पाठ करून, कुणी पुरुष तिकडे फिरकू नये म्हणून. गरम हुरडा आगटीवर, आणि हा माणूस तिकडे पहाऱ्याला. तुला कधी एका शब्दाने विचारलं त्यांनी, की बाई, तुलाच का एवढं लागतं?…

रडू नकोस. रडायची पाळी माझी आहे, आणि मी रडत नाहीये…

मुलं? कुणाची, रुपालीची?… घाबरतात. हं. तोंड वाकडं दिसतं म्हणून… आणि आवाज काढतात म्हणून. तो आवाज म्हणजे हसणं आहे गं त्यांचं. साठीच्या दिवशी पोरं फुगे फोडत होती, त्याला हसत होते ते… तुला तरी कसं माहीत असणार म्हणा. दोन हात लांबूनच नमस्कार केलास त्या दिवशी.

बरं, हे सगळं ठरलं कधी?… ग्रुपवर? कुठल्या ग्रुपवर? अगं, ग्रुपवर दिवाळीपासून कुणाचं अक्षर नाही. हे रोज सकाळी चहा झाला की उघडून बघतात. अंगठा वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, लग्नसराई आहे, सगळे कामात असतील…

…

नवीन ग्रुप.

…कधी केलात?… म्हणजे दीड महिना झाला. किती जण आहात त्यात?… सतरा. जुन्यात एकोणीस होते. बरोबर आहे हिशेब.

एक विचारू?… नाही, साधंच. सामानाची यादी कुणाची वापरताय?… ह्यांचीच. फोटो काढून टाकलाय. बरं केलंत. अक्षर सुरेख होतं त्यांचं…

काय?… मी एकटी येऊ?… आणि ह्यांना?… बाई ठेवू दिवसभराची. तुझ्याकडे नंबर आहे, चांगली आहे, फोनमध्ये डोकं घालून बसत नाही. हं… मला जरा मोकळी हवा मिळेल. खरंय. माझ्या चेहऱ्यावर दिसतं सगळं. तेही खरंय… किती विचार केलाय गं तुम्ही माझा. सतरा जणांनी मिळून.

नाही, चिडले नाही. खरंच नाही… तुला सांगू, कल्याणी? मला वाटत होतं, अडचण वस्तूंची आहे. ऊन असलं तर छत्री, पायरी उंच असली तर स्टूल, दाणा अडकला तर मिक्सर. वहीत डावीकडे अडचण लिहायची, उजवीकडे वस्तू. रात्र-रात्र हेच. तेरा ओळी झाल्या, समोरासमोर, एकही रिकामी नाही, आणि वाटलं, झालं, आता कुणाला नाही म्हणायला जागाच उरली नाही… तुम्हाला त्यांच्याकडे बघवत नाही, ही चौदावी. हिच्यापुढे काय लिहू? कुठे मिळतं ते? सांग, म्हणजे आयुषला कळवते. दोन दिवसांत येतं त्याचं पार्सल…

आनंदराव कुठे आहेत?… शेजारीच बसलेत ना?… मग त्यांनी का नाही केला फोन? एकतीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला माणूस, आणि फोन बायकोला करायला लावला… नको, देऊ नकोस आता. घेणारही नाहीत ते.

मी आत जाऊन काय सांगू, एवढंच सांग… नाही, मी नाही, तू सांग. नवा शर्ट काढून खुर्चीवर टाकलाय त्यांनी, रविवारचा. आठ महिन्यांत घर आणि दवाखाना, दवाखाना आणि घर. मला बोलायला दिलंय देवाने म्हणतात तसं, तर त्या तोंडाने जाऊन काय सांगू त्यांना?…

कल्याणी?…

हॅलो?…

हॅलो?… ठेवला.

…

अहो. उठलात कशाला तुम्ही? हाक मारायला काय… घंटा वाजवायची ना. हळू, दाराची पट्टी आहे तिथे. आधी काठी पलीकडे. हां. आता पाय… हो, कल्याणीच. आहे अजून फोनवर, चालूच आहे आमचं. काठी द्या माझ्याकडे, दाराला टेका… थांबा, बोलते ना मी.

हां, कल्याणी, बोल. हे उठून आलेत गॅलरीत… काय म्हणत होतीस, हुरड्याचं?… अगं बाई. अवकाळी?… आडवा झाला सगळा?… आणि दाणाही भरला नाही म्हणतेस. मग जाऊन तरी काय करायचं. नुसती ढेकळं बघायची… हो ना, सगळ्यांनाच वाईट वाटणार. आनंदरावांनाही?… हं. त्यांना तर फारच. सांगते ह्यांना.

ऐकलंत ना? रद्द झालं रविवारचं… सगळ्यांचंच. पाऊस पडला तिकडे, जोंधळा झोपला… आभाळ काय दाखवताय, इकडे नाही हो पडला, नगर रोडला पडला. इकडे ऊन, तिकडे पाऊस, असं असतं की हल्ली… पेपराकडे काय बोट करताय, एका शेताचं पेपरात येतं का?… असं नका बघू माझ्याकडे. हवामानापुढे कुणाचं काय चालतं.

हो, हो, कल्याणी, आहे मी. सांगितलं त्यांना… नाही गं, समजूतदार आहेत, तुला माहीतच आहे. पुढच्या वर्षी, हो. पुढच्या वर्षी नक्की म्हणतेय बघा. आपल्याला सोडून जाणारच नाहीत म्हणतेय…

काय हवंय? पाणी?… मग?… फोन?

फोन कशाला?… अहो, ती घाईत आहे, गॅसवर काही ठेवलंय तिने… कानाला बोट… नुसतं ऐकायचंय. हं. नुसतं ऐकायचंय तुम्हाला… उद्या ऐका की. उद्या करेल ती परत… बरं. बरं, ओढू नका, पडेल. देते. कल्याणी, ह्यांच्या हातात देतेय गं.

धरा. असा नाही, उलटा आहे. हां. डाव्या कानाला…

…येतोय आवाज?

…

हो का?… मान डोलावताय म्हणून विचारलं.

…

अहो… एवढा वेळ काय सांगतेय ती तुम्हाला?