वल्हांडणाच्या उशा

जपानमधल्या कोबेच्या सान्नोमिया स्टेशनाबाहेर बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, बायका उभ्या होत्या. बोलणं अस्सल अलिबागचं.

“दिनामावशी, सणाची पिशवी परत का आणलीत? लिओराने घेतली नाही?”

“नवऱ्याचं कॉम्प्युटरचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, घरात तांदूळ नाही, पण ताठा बघ. म्हणते, दान नको.”

“मग पोरांचा वल्हांडणाचा सण?”

“थांब गं रूथ. मी दारातच रडवेला चेहरा केला. म्हटलं, ‘आमच्या घरी सगळी म्हातारी. आजची रात्र वेगळी का, हे वल्हांडणाच्या रात्री लहान मुलांनी विचारायचं असतं. आमच्याकडे कोण विचारणार, आमचे हे? तुझी पोरं उसनी दे!’”

“अय्या! दिली?”

“पोरंच काय, नवरा-बायको दोघंही येतायत. वर म्हणाली, खजुराचा शिरा मीच करणार.”

“छानच झालं!”

“ऐक तर! शेजारच्या दोन घरांच्याही नोकऱ्या गेल्यात. त्यांनाही तिनेच आवतण दिलं. ‘दिनामावशी बिचाऱ्या फार एकट्या आहेत, चला सगळे!’”

“एकट्या? तुम्ही?”

“सतरा माणसं, रूथ! माझ्या एवढ्याशा खोलीत!”

“अहो, पण त्या रात्री रेलून जेवायचं असतं. इतक्या उशा कुठून आणणार?”

मावशी एकदम माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही मघापासून हसताय, म्हणजे मराठीच. घरी जादा उशा आहेत?”

“आहेत,” मी म्हणाले. “त्या उचलून आणायला नवराही आहे.”

“रूथ, अजून दोन पानं मांड गं!”