आप्पा वकिलांचं मनगटी घड्याळ

आमच्या शहापुरातल्या आप्पा वकिलांनी घड्याळ कसं जिंकलं, ठाऊक हाय काय तुम्हाला? नाताळात कॅम्पातल्या जत्रेत एक काचेची पेटी आलती. आत बक्षिसांचा ढीग, वर लोखंडी पंजा. आणा टाकून चाक फिरवायचं. पंजा खाली जाऊन जे उचलंल आणि कोपऱ्यातल्या भोकात टाकंल ते आपलं.

वकील तीन दिवस नुसतं दुसऱ्यांचं हरणं बघत उभे. मग मला म्हणाले, "लोक खुळे आहेत रं. ढिगात रुतलेलं उपटायला जातात. मोकळं पडलेलं, भोकाजवळचं हेरायचं."

पेटीवाला म्हणाला, "साहेब, पंजाच ढिला हाय."

"तू मला शिकवतोस?" वकील गरजले.

चौथ्या दिवशी पंजानं खरंच मनगटी घड्याळ उचललं. लोकांनी टाळ्या पिटल्या. वकिलांनी घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला. टिकटिक न्हाय. काटे नुसते रंगवलेले, पावणेअकरावर. पण एवढ्या लोकांदेखत करतात काय? बांधलं मनगटावर, आणि रोज मिरवत कोर्टात जायला लागले.

एकदा स्वारी बारा वाजता कोर्टात पोचली. पक्षकार रडकुंडीला आलेला. मुन्सफांनी विचारलं, "वकीलसाहेब, किती वाजले?"

सगळं कोर्ट बघत होतं. वकिलांनी कोटाची बाही वर सारली आणि ठणकावून सांगितलं, "पावणेअकरा!"

"असं होय? कोर्ट अकराला उघडतं," मुन्सफ शांतपणे म्हणाले. "बाहेर बसा. तुमच्या घड्याळात अकरा वाजले की आत या."