दगडूची दमडी

मी आखाडा बाळापूरची. लगीन होऊन हिंगोलीत आले, मालक कापसाच्या जिनात हमाल अन् मी बाजारात फुटाणे विकायची. लढाईच्या दिसांत चिल्लर मिळंना, तवा लोकांनी घरातले जुने पैसे काढले, झिजलेले, हिरवे पडलेले, ते माझ्या टोपल्यात यायचे. गल्लीतले म्हातारे पेशकार साहेब असली नाणी जमवायचे. त्यांनीच शिकवलं, अक्षर गेलं तर नुसता तांब्याचा भाव, अक्षर बराबर असलं तर रुपाया, दोन रुपये. मला वाचता येत न्हाई, पर बोट फिरवून मोल सांगायची.

माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वक्ताला दगडू झाला तर शेजारच्या बूबूनं त्याला सुपात घेतलं, एक जुनी दमडी देऊन माझ्याकून इकत घेतलं, म्हणली, आता हे माझं, तू नुसतं दूध पाज, अन् ही दमडी कधी खर्चू नको. लेकरू जगावं म्हणून करतात तसं. ती मी कापडात शिवून त्याच्या गळ्यात बांधली. एकदा कापड फाटलं तर साहेबानं पाहिली, भिंग लावलं, म्हणले, वीस रुपयाला दे. मी म्हणलं, साहेब, लेकराचं मोल करून राहिले का तुमी.

दगडू चार वर्षांचा झाला अन् तापानं धरला. काय सांगू तुमाला, डाक्टर म्हणला इंजेक्शन आणा, ते काळ्या बाजारात, अठरा रुपये. जिन बंद, घरात अठरा आणे न्हाईत. बूबू म्हणली, इक दमडी, पोरगं मी इकत घेतलं, मीच सांगून राहिले तर तू काहून भितीस. माझा हात उठंना. दमडी गेली तर लेकरू जाईल, न्हाई गेली तर तापानं जाईल, दोन दिस मी ती मुठीत धरून त्याच्या उशाशी बसले, पागल झाले होते मी. तिसऱ्या दिशी त्याचे डोळे फिरले तवा पळत गेले, साहेबानं विसाचे पंचवीस दिले, इंजेक्शन आलं. डाक्टर म्हणला, बाई, परवाच आणायचं होतं.

गल्ली म्हणती दमडी इकली म्हणून लेकरू गेलं. मला ठाऊक हाये, येळेवर इकली न्हाई म्हणून गेलं. बूबू माझ्यासंगं रडली, तिचंच होतं ते.

आता निजामाची राजवट गेली. त्याचा हाली पैसा मोडीत निघणार म्हणून बाया पदरात जुनी नाणी बांधून माझ्याकडं येऊन राहिल्या, सखूबाई, ह्याचं काय येईल. मी मोल सांगते. घरात कोणी आजारी हाये का ते बी इचारते. असलं तर म्हणते, माय, घरी नको जाऊ, इथूनच साहेबाकडं जा अन् इकून टाक, तुझं लेकरू जगू दे.